माशांच्या टाकीतील फिल्टरचा आवाज : कोकणातील अनुभव

टाकीत पूर्ण बुडवून लावायचा फिल्टर, ज्याला दुकानात इंटरनल फिल्टर किंवा नुसते पॉवर फिल्टर म्हणतात, तो नवा असताना जवळजवळ निःशब्द चालतो आणि काही महिन्यांनी केव्हातरी घरघरू लागतो. अशा वेळी ‘मोटर गेली’ असे ठरवून बहुतेक जण नवा फिल्टर आणतात. वास्तविक या मोटरचे तारेचे वेटोळे राळेत कायमचे बंद केलेले असते आणि हलणारा भाग एकच असतो, तो म्हणजे इम्पेलर : पाती बसवलेले दंडगोलाकार चुंबक, जे एका बारीक दांडीवर फिरते. त्यामुळे आवाजाची कारणे मोजकीच असतात, आणि आवाज कशा प्रकारचा आहे व तो कशानंतर सुरू झाला हे नीट पाहिले, तर कारण बहुधा घरच्या घरी सापडते. किनारपट्टीवरील पाणी, वाळू आणि विजेचा लपंडाव यांमुळे आपल्याकडची कारणे देशावरच्यापेक्षा थोडी वेगळी पडतात, असे मला वाटते. म्हणून चर्चेचा हा धागा. गाव, पाणी कुठले आणि आवाजाचे वर्णन अवश्य लिहावे. टाकीत हात घालण्यापूर्वी फिल्टर, हीटर आणि दिवा या सर्वांचे प्लग काढावेत, ही विनंती आधीच करून ठेवतो.

रत्नागिरी

आमच्या टाकीच्या तळाशी काळबादेवीच्या किनाऱ्यावरची वाळू आहे. फिल्टर तळापासून जेमतेम दोन बोटे वर लावलेला होता आणि एका संध्याकाळी जात्यात खडा अडकावा तसा करकरू लागला. इम्पेलर बाहेर काढला तेव्हा चुंबकाभोवती काळ्या कणांची दाट लव उभी राहिलेली दिसली. पाण्याखाली धरून हलवले तरी ती सुटेना. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवरील वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही काळी, जड खनिजे असतात हे येथे सर्वांना ठाऊक आहे. पण मॅग्नेटाइटला चुंबक ओढते आणि फिल्टरमधला इम्पेलर हेही चुंबकच आहे, हा संबंध तोवर माझ्या लक्षात आला नव्हता. पांढरी वाळू आत गेली तरी बरीचशी पाण्याबरोबर बाहेर पडते, काळी मात्र चुंबकाला धरून राहते आणि चुंबक व त्याच्या घराची भिंत यांमधल्या केसभर फटीत घासत राहते.

हे कण ब्रशने जात नाहीत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतात एवढेच. चिकटपट्टी उलटी गुंडाळून चुंबकावर दाबली की ते पट्टीला लागून निघतात; त्यासाठी चुंबक आधी कोरडे पुसावे लागते. इम्पेलर ज्या घरात बसतो ते घर कापूस गुंडाळलेल्या काडीने आतून पुसावे, कारण तळाशी थोडे कण उरतातच. नंतर मी फिल्टर टाकीच्या निम्म्या उंचीवर नेला आणि उरलेल्या वाळूतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुन्या स्पीकरचे चुंबक फिरवून घेतले. पिशवी उलटी केली की काळी वाळू आपोआप वेगळी पडते, आणि ती किती निघते हे पाहून आश्चर्य वाटते. पुळणीची वाळू टाकीत घालणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो, आणि जड पाण्याचा थर पुन्हा इम्पेलरवरच बसतो.

देवगड

वरच्या अनुभवातील शेवटचे वाक्य आमच्या बोअरवेलला तंतोतंत लागू पडते. पाणी खारट आणि जड आहे, बादलीच्या कडेला पांढरे वर्तुळ उमटते. फिल्टरचा आवाज एकदम आला नाही. गुणगुण हळूहळू वाढत गेली आणि धार मंदावली. इम्पेलरच्या दांडीवर आणि चुंबकावर चुन्याचा खरखरीत थर होता. पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून इम्पेलर व दांडी त्यात भिजत ठेवली, बुडबुडे यायचे थांबल्यावर जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ धुतली आणि आवाज गेला. दांडी चिनी मातीची असेल तर ती वाकत नाही, सरळ मोडते, त्यामुळे थर आल्यावर ती पकडीने ओढण्यापेक्षा संपूर्ण भागच व्हिनेगरमध्ये ठेवणे बरे.

लांजा

व्हिनेगरचा सल्ला सर्वत्र चालेलच असे नाही. आमचे पाणी जांभ्यातल्या विहिरीचे आहे, इतके मृदू की त्यात साबण लवकर निघत नाही. चुन्याचा थर येथे दिसतच नाही. दिसतो तो तांबूस, बुळबुळीत लेप, विशेषतः शेजारच्या बोअरवेलचे पाणी भरल्यावर; ते पाणी काढल्याबरोबर नितळ असते आणि हवा लागली की त्यातले लोह तांबडे होऊन खाली बसते. हा लेप मऊ असल्यामुळे करकर होत नाही, इम्पेलर जड फिरू लागतो आणि खोल, दबका घुमणारा आवाज येतो. व्हिनेगरने आमचे काम अर्धवटच झाले. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भाग ठेवल्यावर लेप नीट सुटला. बोअरवेलचे पाणी पिंपात रात्रभर हवेच्या दगडाने (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) खळखळत ठेवून वरचे निवळ तेवढे टाकीत भरले, तर हा त्रास मुळातच कमी होतो.

श्रीवर्धन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच भागात किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. मासे आम्ही लोट्याने पाणी वर उचलून, परत उंचावरून ओतून जगवले. वीज आल्यावर फिल्टरमधून नुसती घोंघों ऐकू येत होती, पाणी हलत नव्हते. असा आवाज आला तर फिल्टर तसाच चालू ठेवू नये. इम्पेलर अडकलेला असतो, चुंबक जागच्या जागी थरथरत असते आणि वेटोळे तापत जाते. आत साचलेला गाळ घट्ट झाला होता, तो काढून इम्पेलर बोटाने फिरवून पाहिल्यावर मोटर लगेच चालली.

आवाजापेक्षा महत्त्वाची गोष्ट फिल्टरमधल्या स्पंजची. स्पंजात राहणारे उपयोगी जिवाणू वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. प्रवाह काही तास थांबला की ते मरू लागतात आणि स्पंजाला कुजका वास येतो. तसा फिल्टर सुरू केला तर ती सगळी घाण टाकीत जाते. म्हणून मोठ्या भारनियमनानंतर आधी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारते.

मालवण

आमच्याकडचा आवाज खळखळ आणि फुसफुस असा मिश्र होता, तोही फक्त एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरते, फिल्टरचे तोंड उघडे पडते आणि फिल्टरला जोडलेली हवेची नळी नको तितकी हवा ओढू लागते. परीक्षा सोपी आहे : हवेच्या नळीच्या वरच्या टोकावर बोट ठेवावे. आवाज तत्क्षणी थांबला तर दोष हवेचा आहे, इम्पेलर उघडण्याची गरज नाही. टाकीत पाणी भरून घ्यावे आणि नळीच्या टोकावरची चकती थोडी आवळावी. ती पूर्ण बंद करू नये, कारण उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. साफसफाईनंतर लगेच खडखड येत असेल तर आत हवेचा फुगा अडकलेला असतो; फिल्टर पाण्याखाली धरून तिरपा केला की तो निघून जातो.

अलिबाग

आमच्या बाबतीत फिल्टर निर्दोष होता. त्याला काचेवर धरून ठेवणाऱ्या रबरी वाट्या जुन्या होऊन कडक झाल्या होत्या, त्यामुळे फिल्टरचे अंग काचेला टेकून तडतडत होते. वाट्या बदलल्या. टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा सरकवल्यावर लाकडी टेबलाचा घुमणारा आवाजही गेला.

सावंतवाडी

पावसाळ्यात वीज गेली की फिल्टर इन्व्हर्टरवर चालतो आणि तेव्हाच भुणभुणतो, वीज आल्यावर शांत होतो. आमचा इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, चौकोनी लहरीचा आहे. या मोटरला ५० हर्ट्झची गुळगुळीत लहर लागते. साधारणपणे तिच्याच तालावर इम्पेलर मिनिटाला ३००० फेरे घेतो. लहर खडबडीत मिळाली की वेटोळ्याचा लोखंडी गाभा गुणगुणतो. साफ करून हा आवाज जाणार नाही. थोडा वेळ चालवण्यास हरकत नसावी, परंतु मोटर नेहमीपेक्षा गरम होते, म्हणून वीज बराच वेळ गेली तर मी बॅटरीवरचा हवेचा पंप लावतो आणि फिल्टर बंद ठेवतो. ज्यांच्याकडे शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर आहे त्यांना हा प्रश्न येत नाही.

धागाकर्ता

सावंतवाडीचा मुद्दा वाचून विजेविषयी थोडे लिहितो. खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी पिना हिरवट पडतात आणि सैल सॉकेटमध्ये ठिणगी उडते. कधीकधी चर्रचर्र असा आवाज फिल्टरचा नसून भिंतीवरच्या बटणाचा असतो, तोही एकदा कान लावून तपासावा. वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोळ सोडावा, म्हणजे ओघळणारे थेंब तिथेच खाली पडतात. घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा) असेल तर उत्तमच.

दापोली

सुरू होताना एकदा ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे शांत चालणारा फिल्टर बिघडलेला नसतो. या मोटरला ठरलेली दिशा नसते, ती कोणत्याही बाजूला सुरू होते, आणि चुंबकाला आधी थोडा मोकळा फेरा मिळावा म्हणून पाती मुद्दामच किंचित सैल बसवलेली असतात. आवाज सतत टकटक असा असेल तर मात्र दांडीच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे तपासावीत. ती मुगाएवढी असतात, धुताना मोरीत वाहून जातात आणि मग दांडी डगमगते. आमचे एक टोपण असेच नाहीसे झाले होते. दुकानदाराने सुटे टोपण मिळत नाही म्हणून संपूर्ण इम्पेलर-संच दिला, तो नव्या फिल्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडला. संच घेताना फिल्टरचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा, कारण दिसायला सारखी दिसणारी चुंबके जाडीने किंचित निराळी असतात आणि जाड चुंबक घराच्या भिंतीला घासते. शिवणयंत्राचे तेल घालण्याचा उपाय काही जण सांगतात, तो करू नये. येथे वंगणाचे काम पाणीच करते आणि तेलाचा तवंग पृष्ठभागावर पसरून माशांना त्रास देतो. नवा इम्पेलर पहिले एक-दोन दिवस थोडा गुणगुणला तर लगेच परत करायला धावू नये, दांडीवर रुळल्यावर तो बहुधा शांत होतो. आठवडा उलटूनही आवाज तसाच राहिला तर चुंबकाची जाडी जुन्याशी ताडून पाहावी.