शब्दचर्चा : फोटोमोंटाज, कोलाज की मॉर्फिंग?

प्रश्न : जर्मन कलाकार जॉन हार्टफील्डच्या हिटलरविरोधी चित्रांना कुणी ‘कोलाज’ म्हणतं, कुणी ‘चिकटचित्र’, कुणी सरळ ‘मॉर्फिंग’. नेमका शब्द कोणता?

उत्तर : फोटोमोंटाज. कोलाजमध्ये कापड, तिकीट, वर्तमानपत्र काहीही चालतं आणि कापलेल्या कडा दिसल्या तर उलट बहार येते. इथे कच्चा माल मुख्यतः फोटोच. तुकडे जुळत्या मापात मोठे करायचे, कापून चिकटवायचे, सांधे एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, बुजवायचे आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो काढायचा. छपाईला जातो तो हा. एका तुकड्यावर उजेड डावीकडून नि दुसऱ्यावर उजवीकडून असेल, तर कितीही रंग फवारा, सांधा उघडा पडतो. छापील चित्र कापून वापरलं की छपाईचे जुने ठिपके नव्या ठिपक्यांवर पडून जाळी उमटते, म्हणून मूळ फोटोचीच प्रिंट घ्यावी. मोंटाज म्हणजे जुळणी; ती करणारा जर्मन ‘मोंटेअर’ म्हणजे आपला फिटर. ‘चिकटचित्र’ हस्तकलेच्या तासाला ठीक.

पुरवणी : ‘मॉर्फिंग’ मुळीच नको. मराठी बातम्यांत त्याला गुन्ह्याचा वास आहे. हार्टफील्डच्या १९३२च्या एका चित्रात हिटलरच्या छातीच्या एक्स-रेत नाण्यांची चळत दिसते. ती कुणी खरी मानावी अशी अपेक्षाच नाही.

प्रश्न : ऑक्टोबर १९३२च्या ‘एआयझेड’ या जर्मन सचित्र साप्ताहिकातल्या हार्टफील्डच्या चित्रावरचं घोषवाक्य ‘मिलिओनेन श्टेहेन हिंटर मिअर’ मराठीत कसं आणाल?

उत्तर : ‘लाखो लोक माझ्या पाठीशी’ केलंत की विनोद मेला. सलामीसाठी मागे वळवलेल्या हिटलरच्या तळव्यावर एक धिप्पाड, चेहरा न दिसणारा माणूस नोटा ठेवतोय. म्हणून ‘लोक’ गाळा : ‘लाखो माझ्या पाठीशी उभे!’ माणसं की मार्क (जर्मन चलन), ते चित्र सांगेल. ‘मागे’ लिहिलं तर पाठिंबा पातळ होतो. ‘पाठीशी’त जागाही आली नि पाठिंबाही. मिलिओनेन म्हणजे दशलक्ष, हे खरं, पण ‘दशलक्षावधी’ने घोषणेची पार वाट लागते.

प्रश्न : अमेरिकन कलाकार मार्था रॉस्लरची व्हिएतनाम युद्धावरची फोटोमोंटाज चित्रं ‘वसाहतवादविरोधी’ म्हणायची का?

उत्तर : व्हिएतनाम फ्रान्सची वसाहत होती, अमेरिकेची नव्हे. तेव्हा ‘युद्धविरोधी’ किंवा ‘साम्राज्यवादविरोधी’. १९६७ ते ७२च्या त्या मालिकेत एक गृहिणी व्हॅक्यूम क्लीनरने पडदे साफ करते आणि पडद्याआड सैनिक दिसतात. ही चित्रं मोर्चांत झेरॉक्स करून वाटली गेली. झेरॉक्समध्ये मधल्या करड्या छटा उडतात, त्यामुळे सांधे फुकटात झाकले जातात.