शनिवारी मावशींचं डायलिसिस की माझा जर्मनचा क्लास?

कॅम्पातली_सिस्टर
सलाम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल. मी 31 ची, एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. जर्मनीला जायचं म्हणून दोन वर्षं भाषा शिकतेय, बी वन ही पातळी झाली, तिच्या वरच्या बी टू ची परीक्षा नोव्हेंबरात, फी भरून झालीये. आमच्या चर्चच्या मंडळीत एक मावशी आहेत, नात्यातल्या नाहीत पण संडे स्कूलला मला त्यांनीच शिकवलं, त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि मुलगा मस्कतला. मार्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं शनिवारी मावशींना कोण नेईल, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, तर सगळे एकदम पिशव्या आवरायला लागले. मी हात वर केला. आता सप्टेंबर चालूये.

मंगळवार-गुरुवार त्यांची भाची बघते. शनिवारी साडेसहाला निघायचं, सातला मशीनवर, चार तास, मग सुया काढून फिस्टुल्यावर, म्हणजे हातावर जिथे सुया टोचतात तिथे, दाबून धरायचं, बीपी कधीकधी इतकं खाली जातं की अर्धा तास पडूनच राहतात, एकटीला रिक्षात बसवून द्यायची सोयच नाही. घरी सोडेपर्यंत एक. आणि ऑगस्टपासून माझी बी टू ची बॅच शनिवारी दहा ते एक. पाच क्लास बुडालेत.

गेल्या शनिवारी बाहेर बसून इअरफोन लावून ऐकायची प्रॅक्टिस करत होते, आतून निरोप आला मावशी बोलावतायत, मी तणतणतच गेले. तर त्यांनी उशीखालून रुमालात बांधलेल्या दोन खारी काढून दिल्या, म्हणे सकाळपासून उपाशी आहेस. स्वतः दिवसभराचं पाणी सकाळीच मोजून एका स्टीलच्या तांब्यात भरून ठेवतात, तेवढंच प्यायचं, तहान लागली की वेलदोडा चघळतात. मला फार लाज वाटली. पण राग काही गेला नाही, खोटं कशाला बोलू.

उपदेशात दर रविवारी स्वतःला नाकारा ऐकते. मग मी नाही म्हटलं तर तो स्वार्थ का? आणि म्हणायचं तर कसं?

खडकीचा_बंधू
ताई, बायबलातलं याकोबाचं पत्र चौथा अध्याय वाचा. उद्या या शहरी जाऊ, धंदा करू म्हणणाऱ्यांना तो काय म्हणतो बघा. प्रभूची इच्छा असेल तर जर्मनी कुठे पळून जात नाही. परीक्षा पुढच्या वर्षी पण असते, मावशी असतील का सांगता येत नाही. प्रार्थनेत आहे.

रास्तापेठी
बंधू, याकोब बेत करू नका म्हणत नाही हो, प्रभूची इच्छा असेल तर आपण हे करू असं म्हणा म्हणतो, म्हणजे बेत आहेच की त्यात!

सिस्टर, येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीये की शेवटाकडे कुणाचं लक्षच जात नाही. तो माणूस प्रवासाला निघालेला, वाटेत एक जखमी माणूस दिसला म्हणून थांबला, त्याच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले, म्हणाला याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो, आणि गेला आपल्या कामाला! त्याचं काम काय होतं ते शुभवर्तमानात लूकने लिहिलेलं पण नाही. तो त्या जखमी माणसाजवळ सहा महिने बसला असता तर तो जास्त चांगला ठरला असता असं येशू कुठेच म्हणत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात तर शिष्य येशूला सांगतात सगळे तुम्हाला शोधतायत, आणि तो म्हणतो चला, आपण आजूबाजूच्या दुसऱ्या गावांना जाऊ. ज्या गावातून तो निघाला त्या कफर्णहूमात त्या दिवशी सगळे बरे झाले होते असं मला तरी वाटत नाही.

स्वतःला नाकारणं वेगळं आणि दुसरं कुणी हात वर करत नाही म्हणून अडकून पडणं वेगळं.

कॅम्पातली_सिस्टर
पटतंय. पण माझ्याकडे उतारशाळा कुठाय? मी सोडलं की मावशी घरी बसणार आणि डायलिसिस चुकलं की काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते, अंगावर पाणी चढतं, पोटॅशियम वाढतं. म्हणून तर तोंड उघडत नाहीये.

केडगाव_लोकल
उतारशाळा तयार करावी लागते, आयती नसते. आमच्या वडगाव शेरीच्या मंडळीत एका काकांसाठी केली होती. आधी व्हॉट्सॅप ग्रुप काढला, चाळीस जण, हात जोडलेले फोटो भरपूर, सोमवारी काका फाटकाशी उभे आणि कुणी नाही. मग मी एकेकाला फोन केला. "कुणी मदत कराल का" असं नाही, "तुम्ही महिन्याचा दुसरा शनिवार घ्याल का, नोव्हेंबरपर्यंतच" असं. सात फोनमध्ये चार हो आले. तारीख सांगितली की माणूस हो म्हणतो, शेवट दिसत नसला की घाबरतो. तुमच्या पाळकसाहेबांनी दोन-तीन आठवडे सांगितले तिथेच गडबड झाली, डायलिसिस काय दोन-तीन आठवड्यांचं असतं का!

अजून एक, सेंटरला दुपारची पाळी मिळते का विचारा, दुसरी बॅच बहुतेक ठिकाणी असते. आणि बी टू गोएथेची असेल तर परीक्षेची चारही मॉड्यूल एकाच वेळी द्यायची सक्ती नाही, एखादं नंतर देता येतं, माझ्या पुतणीने लेखन मागे ठेवलं होतं.

माझं आजोळ केडगावचं म्हणून राहवत नाही. पंडिता रमाबाई 1883 ला इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं म्हणून. कमी ऐकू येत होतं म्हणून ते राहिलं. मग तीन वर्षांनी अमेरिकेला, तिथून परत आल्या 1889 ला आणि तेव्हा मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सहा वर्षं इथे विधवा नव्हत्या का? होत्या की. त्या शिकायला, पैसे उभे करायला गेल्या म्हणून पुढे दुष्काळात शेकडो मुलींना केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणता आलं.

मधली_मुलगी
मी फक्त दुसरी बाजू सांगते. माझे पप्पा कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. दफनविधी असो, कुणाचं शिफ्टिंग, कॅरोल राउंडला जीप चालवणं. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते कुणाचं रेशनकार्ड करायला गेले होते. मंडळीत त्यांचं नाव आजही निघतं. घरी आम्ही तिघी बहिणी त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. सिस्टर, राग ठेवून केलेली सेवा समोरच्याला कळते हो, खारी देणाऱ्या बाईला तर नक्कीच कळत असणार. त्यांना विचारलंत का कधी?

कॅम्पातली_सिस्टर
नव्हतं विचारलं. काल गेले. आधी सगळं घोकून गेले होते, तिथे गेल्यावर रडलेच. मावशी म्हणाल्या, वेडी का काय, मीच भाचीला म्हणत होते दुपारची पाळी घेऊया, सकाळी साडेसहाला माझेही पाय चालत नाहीत, पण तुला सकाळच सोयीची असेल म्हणून गप्प बसले. म्हणजे सहा महिने आम्ही दोघी एकमेकींसाठी पहाटे उठत होतो!

सेंटरला विचारलंय, शनिवारी बाराची पाळी ऑक्टोबरपासून मिळेल. नेताना भाचीचा नवरा. घरी आणायचं दोन शनिवार मी, क्लास सुटला की पाचला जाते. उरलेल्या दोनसाठी आज चार फोन केले, एक हो, एक बघतो, दोघांनी उचलला नाही. केडगावकर, तुमचं तारखेचं बरोबर निघालं.

निघताना मावशींनी विचारलं पाण्याला तुमच्या जर्मनमध्ये काय म्हणतात. म्हटलं वासर. तर तांब्याकडे बघून म्हणाल्या, नाव तरी मोठं ठेवायचं होतं.