नवी तलंग, जुना खुराडा: तुमचे अनुभव लिहा

पडवी
काल शेजारच्या काकूंनी बाजारातून एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी) आणली आणि तशीच आवारात सोडली. पाच मिनिटांत जुन्या चौघींनी तिला धुण्याच्या दगडामागे कोंडलं. मान पोटाशी घेऊन, डोळे मिटून उभी होती बिचारी. मला एकदम आजी आठवली. गावी नवी कोंबडी आली की आजी तिला अंगणात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उलट्या टोपलीखाली, ठेवायची. आत करवंटीत पाणी, मूठभर कणी. जुन्या कोंबड्या भोवती फिरायच्या, फटीतून चोच मारायच्या, मग कंटाळून आपापल्या उकरायला लागायच्या. आठेक दिवसांनी, काळोख पडल्यावर आजी तिला पदराखाली धरून खुराड्यात सरकवायची. म्हणायची, "सकाळी त्यांना वाटतं ही कालचीच." तुम्ही काय करता? लिहा.

सातबारा
रात्रीच. पण पहाटे दार उघडायला माणूस हवं. मी एकदा उशिरा उठलो, आतल्या आत टोचून नवीचा एक डोळा गेला. अजून डोळ्यासमोर येतं ते.

घाटावरची
गिरिराज जातीच्या कोंबडीची 12 पिल्लं आणलेली, सात आठवड्यांची. अंगाने आमच्या गावठीच्या जवळपास, म्हणून लगेच सोडली. चूक! अंग मोठं तरी जीव पिल्लाचाच. गावठीने नुसती मान उंचावली की सगळी कोपऱ्यात एकावर एक. खालची दोन गुदमरली. मग मधे जाळी मारली, तीन आठवडे. जाळीला चिकटून दोन्हीकडे खाणं ठेवायचं, म्हणजे समोरासमोर खायची सवय होते. जुन्या कोंबड्या जाळीशेजारी निवांत मातीत लोळायला लागल्या तेव्हा जाळी काढली. खायची भांडी मात्र दोन, लांब लांब. नाहीतर दुबळी उपाशी राहते.

मीठभाकर
सगळं बरोबर पण आधी मानमोडी रोगाचं बघा!! बाजारची कोंबडी थेट आत घेतली आणि आमच्या 14 गेल्या. मान पिळवटलेली, हिरवी शीट. लस दिली नव्हती. आता नवी आली की गोठ्यापलीकडे 3-4 आठवडे वेगळी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला. चप्पल पण वेगळी. आजीच्या काळी कोंबडी शेजारच्या वाडीतून यायची, आता दहा गावं फिरलेल्या टेम्पोतून येते.

पडवी
अरेरे, 14 म्हणजे अख्खं अंगण ओस पडलं असेल. काकूंना सांगते लगेच.

खुडूक
आमची आई रात्री खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली बाहेरची पिल्लं सरकवते, एक-दोन दिवसांची असतील तरच. तिची स्वतःची अंडी फुटायच्या सुमारास. सकाळी ती सगळ्यांना पंखाखाली घेऊनच बाहेर येते, मग कोणाची बिशाद आहे टोचायची! एकदा बदकाची अंडी बसवली, 21 ऐवजी 28 दिवस बसली माउली. पिल्लं चिखलाच्या डबक्यात उतरली तर ही काठावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतेय. आईने डबकंच बुजवलं शेवटी.

सातबारा
माउली खरंच. 28 दिवस!

कैरी
डालगं कुठे मिळतं हो? इथे सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट.

मीठभाकर
बुरूड आळीत विचारा. नाहीतर भाजीचा क्रेट उलटा, वर दगड. दगड विसरू नका, मुंगूस उलटवतो.

घाटावरची
अजून एक राहिलं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य लहान तलंगांना घालू नका, त्यातला चुना जास्त होतो त्यांना. सगळ्यांना वाढीचं खाद्य आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्यांना हवा त्या खातात.
टोचून रक्त आलं तर तिला आधी बाजूला घ्या. लाल दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत.

पडवी
काकूंचा क्रेट अंगणातून उचलून मागच्या माडाखाली नेला. आत्ता पहिल्यांदा दाणे टिपले तिने. दोन टिपायचे, मान वर करून बघायचं, परत दोन.

खुडूक
एकटीच आहे का? आत घ्यायच्या आधी जोडीला एक आणा. दोघी असल्या की मार वाटला जातो आणि रात्री अंगाला अंग लावून बसतात.

पडवी
काकू विचारतायत, काळी चालेल का? बाकी सगळ्या तांबड्या आहेत.

सातबारा
तांबडीच बघा. आमच्यात एकटी पांढरी होती, सगळ्या तिच्याच मागे लागायच्या.