टाकीचा सेन्सर खोटं रीडिंग देतो आणि रिले चिकटतो

खटपट्या:
गच्चीवर १००० लिटरची टाकी. झाकणाला आतून एचसी-एसआर०४ (प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर) आणि शेजारी डबीत नोडएमसीयू (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड). खाली दुसरा नोडएमसीयू, १० ॲम्पियरचं रिले मॉड्यूल (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि १ एचपीचा मोनोब्लॉक पंप. महिनाभर छान चाललं. आता सकाळी टाकी अर्धी असतानाही अंतर कधी ३ सेंमी, कधी ४०० च्या वर. शिवाय रिलेचा एलईडी विझतो पण मोटर चालूच राहते. रिलेला टिचकी मारली की सुटते. काय बदलू?

सोल्डरवाला:
सेन्सरचं दुखणं म्हणजे वाफ. एचसी-एसआर०४ च्या जाळीवर रात्री थेंब जमतात. सिलिकॉन वगैरे फासू नका, आवाजच दबतो. सरळ जेएसएन-एसआर०४टी घ्या: प्रोब वॉटरप्रूफ, बोर्ड डबीत. पण त्याला साधारण २० सेंमीच्या आतलं दिसत नाही, म्हणून भरलेल्या टाकीच्या पाण्यापासून प्रोब २५ सेंमी तरी वर हवा. झाकणाखाली जागा नसेल तर झाकणावर ११० मिमी पीव्हीसीचा तुकडा बसवा. अरुंद पाईप नको, कडांवरून प्रतिध्वनी येतो.
सेन्सर ५ व्होल्टवर चालवत असाल तर त्याची एको (सिग्नलची) वायर थेट नोडएमसीयूच्या पिनला नको. मध्ये १ के ओहमचा रेझिस्टर, आणि पिनपासून ग्राउंडला २ के. कोडमध्ये ६० मिलिसेकंदांच्या अंतराने ७ रीडिंग घेऊन, लहान-मोठं क्रमाने लावून मधलं धरा. सरासरी नको, एकच ४०० सगळं बिघडवतं. तापमानाची दुरुस्ती कोणी सुचवेल. १ मीटरला दोन-अडीच सेंमीचा फरक, टाकीला काय फरक पडतो!

वायरमन_७:
रिले चिकटणारच. १ एचपी मोटर चालताना ५-७ ॲम्पियर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. कॉन्टॅक्ट वितळून जुळतात. टिचकीने सुटतो म्हणून तोच वापरत राहू नका, एक दिवस सुटणार नाही. २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ ला (म्हणजे मोटरच्या लोडला) ९ ॲम्पियरचा कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट रिले) घ्या. रिलेने फक्त त्याची कॉइल चालवायची. कॉइलला समांतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (एक्स२, म्हणजे मेनच्या व्होल्टेजसाठीचा) सिरीजमध्ये लावा, नाहीतर कॉइल सुटताना नोडएमसीयू रीसेट होतो. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) लावलात तर सिंगल फेजला तिन्ही पोलमधून करंट फिरवा, एक पोल मोकळा राहिला की उगाच ट्रिप होतो. मेन बंद करून टेस्टरने बघितल्याशिवाय हात घालू नका.

खटपट्या:
कॉन्टॅक्टर आणतो. वायफाय मध्येच गेलं तर?

सोल्डरवाला:
खालच्या कोडमध्ये ३० सेकंद रीडिंग नाही आलं की मोटर बंद. टाकी भरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा १० मिनिटं जास्त, ही कमाल मर्यादा. रिले नोडएमसीयूच्या डी१ किंवा डी२ पिनवर ठेवा. डी३, डी४, डी८ बूट होताना वेगळे वागतात. शिवाय टाकीच्या वरच्या टोकाला एक फ्लोट स्विच, टाकी भरली की उघडणारा. तो रिले मॉड्यूलच्या ५ व्होल्टच्या वायरमध्ये सिरीजला. कोड लटकला तरी मोटर थांबते, आणि टाकीपर्यंत २३० व्होल्ट जात नाहीत.


वायरमन_७:
फ्लोटची वायर ओव्हरफ्लो पाईपपासून लांब बांधा, पाण्याच्या धारेने फ्लोट अडकतो.