व्हॅक्यूमची नळी जोडली की गाडी मिसिंग करते

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९६६ची. इंजिन १८जीबी, डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) लुकास २५डी४, कार्ब्युरेटर दोन एसयू एचएस४.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी स्वच्छ ओढते, अगदी वरच्या आरपीएमपर्यंत. पण टॉप गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या आसपास पाय हलका ठेवून एका वेगात चाललो की मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं) सुरू होतं. बारीक बारीक झटके बसतात आणि त्याच वेळी टॅकोमीटरचा काटा थरथरतो. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम युनिटची (इंजिनाच्या व्हॅक्यूमने ठिणगी आधी पाडणारा, म्हणजे ॲडव्हान्स देणारा भाग) नळी काढून तिचं तोंड बंद केलं की झटके गायब.

पॉइंट (उघडून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क), कंडेन्सर, प्लग, कॅप, रोटर सगळं नवीन आहे. पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी. नळी काढून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लाइटवर ६०० आरपीएमला १४ अंश मिळतं. युनिट तोंडाने ओढून पाहिलं, पडदा धरतो, हवा सुटत नाही. युनिटवर ५-१३-१० असे आकडे कोरलेत, त्यांचा अर्थ लागला नाही. मेकॅनिक म्हणतात नळी काढूनच ठेवा, काही बिघडत नाही. मला ते पटत नाही. नक्की शोधू कुठे?

धूरकांडी

मीही नळी बंद करून गाडी चालवतो. रेसच्या इंजिनांना व्हॅक्यूम ॲडव्हान्स नसतोच, तरी ती पळतात. दोन अंश टायमिंग पुढे घ्या आणि विषय संपवा.

तांब्याची_तार

दोन अंश पुढे घेऊ नका. रेसचं इंजिन जवळजवळ सगळा वेळ पूर्ण थ्रॉटलवर असतं, म्हणून त्याला व्हॅक्यूम ॲडव्हान्सची गरज पडत नाही. रस्त्यावरच्या गाडीचं तसं नसतं.

थ्रॉटल थोडाच उघडा असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, विरळ असतं आणि सावकाश जळतं. जळण्याचा जोर पिस्टन वरून खाली निघाल्यानंतर लगेचच यायला हवा, म्हणजे ठिणगी बरीच आधी पडायला हवी. आरपीएम किती आहे हे डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा ओळखतात, पण इंजिनावर भार किती आहे हे त्यांना कळत नाही. ते कळतं फक्त व्हॅक्यूम युनिटला. पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो आणि युनिट आपला ॲडव्हान्स काढून घेतं. नळी कायमची बंद ठेवलीत तर पेट्रोल जास्त जाईल आणि हलक्या पायावरही इंजिन उगाच तापेल. बेस टायमिंग पुढे घेऊन ही उणीव भरायला गेलात तर पूर्ण भारावर नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी टकटक) होईल, आणि पिस्टन फुटतात ते तिथेच.

आता आकडे. ५ म्हणजे ५ इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला युनिट हलायला लागतं. १३ इंचांना त्याची हालचाल पूर्ण होते. १० म्हणजे तेव्हा मिळणारे अंश, पण ते डिस्ट्रिब्युटरचे. क्रँकच्या एका फेऱ्याला डिस्ट्रिब्युटर अर्धाच फिरतो, त्यामुळे पुलीवर ते २० अंश दिसतात.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो टॅकोमीटरचा काटा. या गाडीचा टॅकोमीटर कॉइलच्या प्रायमरी सर्किटमधल्या करंटवर चालतो. मिसिंगबरोबर काटा थरथरतोय याचा अर्थ तो करंटच मधेमधे तुटतोय. प्लगकडच्या जाड वायरी किंवा कार्ब्युरेटर कारण असते तर काटा असा नाचला नसता. नळी काढल्यावर झटके थांबतात, म्हणजे पॉइंटची प्लेट फिरली की काहीतरी तुटतं.

कॅप काढून आत बघा. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती व्हॅक्यूमने फिरते, आणि तिच्यापासून बॉडीकडे एक लहानशी अर्थची (अर्थिंगची) वायर जाते, कापडी वेष्टणाची. दर वेळी प्लेट हलली की ही वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते पण वरचं कापड शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. प्लेट मूळ जागी असते तेव्हा तुटकी टोकं एकमेकांना टेकतात आणि सगळं ठीक चालतं. प्लेट सरकली की टोकं सुटतात. बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटकडे येणाऱ्या वायरचंही असंच होतं.

इग्निशन बंद ठेवून मल्टिमीटरचं एक टोक फिरत्या प्लेटला आणि दुसरं बॉडीला लावा. कोणाला तरी नळीतून हळूहळू ओढायला सांगा. रीडिंग शून्याच्या जवळ घट्ट राहिलं पाहिजे. उडी मारली तर चोर सापडला. मग दुसऱ्या वायरचीही तशीच परीक्षा घ्या. त्या वेळी पॉइंटच्या मधे कागदाचा कपटा ठेवा, नाहीतर पॉइंटमधूनच सर्किट पूर्ण होऊन रीडिंग फसवेल.

रोटरचा_कोन

आणखी एक शक्यता नोंदवतो. वजनांचा ॲडव्हान्स कॅम (पॉइंट उघडणारा) आणि रोटर दोघांना मिळून पुढे नेतो, म्हणून ठिणगीच्या क्षणी रोटर कॅपच्या टर्मिनलसमोर नेहमी त्याच जागी असतो. व्हॅक्यूम फक्त प्लेट फिरवतो, रोटर नाही. त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूमला ठिणगी पडते तेव्हा रोटर टर्मिनलपाशी पुरता पोचलेला नसतो. रोटर किंवा कॅप थोडी चुकीची असेल तर ठिणगीला लांब उडी मारावी लागते आणि मिसिंग होतं. कॅपच्या टर्मिनलांची फक्त एक कड जळलेली आहे का ते पाहा. मात्र काटा थरथरतो हे खरं असेल तर तारवाले म्हणतात तेच आधी तपासा.

तांब्याची_तार

बरोबर, कॅप उघडलीच आहे तर कडाही बघून घ्या. आणि ड्वेल (पॉइंट बंद राहतात तेवढा कोन) मीटर मिळाला तर प्लेटचीही झीज कळेल. या डिस्ट्रिब्युटरचा ड्वेल ६० अंश, तीन इकडे तीन तिकडे. नळी जोडून आणि काढून मोजा. फरक फार पडला तर प्लेट सरकताना एका बाजूला कलते आणि गॅप बदलतो. मग नवी वायर घालूनही पूर्ण सुख मिळणार नाही.

जुनी_चाकं

सापडलं! नळी ओढायला लागलो की मीटरचा आकडा सरळ अनंतावर जायचा, सोडली की परत शून्य. अर्थची वायर काढून दोन्ही टोकं हलकेच ओढली तर कापड रबरासारखं ताणलं गेलं, आत तार जोडलेलीच नव्हती. पॉइंटची दुसरी वायर ठीक आहे. कॅपच्या टर्मिनलांवर जळल्याची खूण मधोमध आहे. आता तिथे कुठली वायर घालू? साधी विजेची चालेल का?

तांब्याची_तार

साधी नको. तिच्यात तारा थोड्या आणि जाड असतात, वरचं प्लास्टिकही ताठ. ती प्लेटला मोकळं फिरू देत नाही आणि लवकर तुटते. खूप बारीक तारांची, बोटावर सहज लोळणारी वायर घ्या. लांबी इतकी ठेवा की प्लेट शेवटपर्यंत फिरली तरी वायर ताणली जाणार नाही, पण सैल वेटोळं कॅमला किंवा रोटरला घासता कामा नये. टोकं सोल्डरचा डाग देऊन पक्की करा, मात्र डाग वायरमध्ये लांब चढू देऊ नका. जिथे डाग संपतो तिथेच ती पुन्हा तुटते.

जोडल्यावर आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. उलट करू नका, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग नळी काढून, तोंड बंद करूनच लावा.

जुनी_चाकं

लावली. ३,०००ला हलक्या पायावर गाडी आता अगदी गुळगुळीत चालते, काटा स्थिर. फक्त लांब चढावर अर्धवट थ्रॉटलला अगदी हलकं नॉकिंग ऐकू येतं, पूर्ण दाबलं की जातं. युनिटशेजारचा खाचांचा नट आर (रिटार्ड, म्हणजे टायमिंग मागे) खुणेकडे फिरवू का?

तांब्याची_तार

त्या नटाने बेस टायमिंग मागे जातं, व्हॅक्यूमचे २० अंश तेवढेच राहतात. नॉकिंग फक्त अर्धवट थ्रॉटलला असेल तर संशय युनिटवरच. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर नंबर कोरलेला असतो, तो मॅन्युअलमध्ये काढा आणि त्याला कुठल्या आकड्यांचं युनिट दिलंय ते ५-१३-१०शी ताडून बघा. इतक्या वर्षांत कोणीतरी दुसऱ्या गाडीचं युनिट बसवलेलं असणं अगदी शक्य आहे. बॉडीवरचा नंबर इथे टाका, मीही बघतो.