मदत हवी आहे : आबांची जुनी शिक्षा आणि यूकेचा व्हिसा

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण लेस्टरला असते, जानेवारीत तिचं बाळंतपण आहे. आई-आबांनी कोल्हापूरहून जायचं ठरवलंय. प्रश्न आबांचा आहे.

1997 साली बांधावरून चुलत्यांशी मारामारी झाली. आबांच्या हातातला कोयता चुलत्यांच्या दंडाला लागला. भादंवि (भारतीय दंड विधान) कलम 324, म्हणजे धोकादायक हत्यारानं दुखापत; तीन महिने साधी कैद आणि दंड. अपील केलं नाही, शिक्षा कळंबा जेलमध्ये भोगली. आज त्याच चुलत्यांकडे आमचं रोजचं येणं-जाणं आहे, पण कागद तो कागद.

पासपोर्ट मिळाला. पासपोर्टच्या कायद्यात अडवतात ते अर्जाआधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर. घोडं अडलंय व्हिसाच्या फॉर्मवर. शिक्षा कितीही जुनी असो, तिथं सांगावी लागते. एक एजंट म्हणाला, ‘नाही’वर टिक करा, एवढं जुनं कोण बघतंय? आबा त्याच्यासमोरच म्हणाले, "खोटं लिहून लेकीच्या दारात जायाचं न्हाई मला."

मलाही तेच पटतं. खोटेपणा सापडला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद. उलट खरं लिहिलं तर वाट आहे: बारा महिने किंवा जास्त कैद झालेल्याला नकार ठरलेला, पण त्याहून कमी असेल आणि ती भोगून बारा महिने उलटले असतील, तर व्हिजिटर व्हिसाला तेवढ्यावरून नकार द्यायलाच हवा असं नाही.

आता अडचण कागदांची. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी म्हणतो. पण आमच्याकडे दंड भरल्याची पिवळी पडलेली पावती तेवढी उरलीय, तिच्यावरचा केस नंबर घडीत अर्धा पुसलाय. वकीलसाहेब वारले. नाव आणि साल सांगून कोर्टाच्या रेकॉर्डला नंबर शोधून देतात का, की आधी पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो? निकालाचं इंग्रजी भाषांतर लागेल, त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख आणि संपर्क हवा. कोल्हापुरात असं कोण करून देतं? आणि सोबतच्या पत्रात भांडणाची सगळी हकीकत लिहावी, की कलम, शिक्षा आणि तारखा पुरेत?

कुणी स्वतः किंवा घरच्यांसाठी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, ऐकीव नको. नक्कल हातात आल्याशिवाय पुण्याच्या व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट घेणार नाही.