कॉम्प्लेक्सच्या गच्चीवर सोलर आधी, की आतला लोड कमी करणं आधी?

अलकापुरीवाला

आमच्या वडोदऱ्यात अलकापुरीतल्या कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्याला दुकानं आणि वर चार मजले ऑफिसं आहेत, सगळे मिळून साठेक गाळे. सिंकिंग फंडातून गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवायचं कमिटीने काढलंय. सोलर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण फंडातला पहिला रुपया तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे पॅनेल जोडलं जाणार कॉमन मीटरला. म्हणजे लिफ्ट, पंप, पॅसेजचे दिवे आणि पार्किंग. गाळ्यांचे मीटर वेगळे आहेत आणि खरी वीज तिथेच जळते. गाळ्याला दीड टनाचे दोन एसी धरा. दुपारी त्यातले निम्मेच कॉम्प्रेसर चालू असले तरी ९० किलोवॅट होतात. त्यापुढे गच्चीवरचे २० किती पुरणार?

आणि हे एसी चालतात कसे ते मागच्या बाजूला जाऊन बघा. दोन भिंतींमध्ये जेमतेम माणूस उभा राहील एवढी डक्ट आहे. चारही मजल्यांची आउटडोअर युनिटं तिथेच, समोरासमोर ठोकलेली. एकाचं गरम वारं थेट दुसऱ्याच्या जाळीत जातं. खालच्यांची गरम हवा वर चढते, त्यामुळे बाहेर ४२ अंश असताना चौथ्या मजल्यावरच्या युनिटला त्याहून कितीतरी तापलेली हवा ओढावी लागते. कॉम्प्रेसर ट्रिप होतो. मग ऑफिसवाला म्हणतो गॅस संपला, मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो आणि आठवड्यात पुन्हा तेच. त्यात तळमजल्याच्या एका दुकानाने डक्टच्या तोंडावर फ्लेक्सचा बोर्ड लावून खालून येणारी थोडीफार गार हवाही बंद केली आहे.

तो बोर्ड काढायला पैसे लागत नाहीत. युनिटं गच्चीवर हलवायला लागतात. फंड त्यासाठी वापरा, असं माझं म्हणणं. बाकीच्या कॉम्प्लेक्सवाल्यांना काय वाटतं?

सोलरआधी_अकोटा

अजिबात पटलं नाही. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, २० किलोवॅटचे ८० झाले. हे ८० युनिट साठ माणसांच्या सवयीवर अवलंबून नाहीत, कोणी रिमोट १८ वर ठेवो की २६ वर. एकदा बसवलं, वर्षातून काही वेळा धुतलं की झालं. पॅनेलच्या सावलीने वरच्या मजल्याचा स्लॅबही कमी तापतो, ते तुम्ही धरलेलंच नाही.

तुमच्या डक्टच्या कामाला साठ मालकांच्या सह्या लागतील. निम्मे मालक सुरत आणि मुंबईला, दोन-चार परदेशात. आमच्याकडे पॅसेजला नुसता रंग द्यायचा होता तर वर्ष गेलं. जे काम कमिटी एका ठरावात करू शकते ते आधी करावं. सगळं बरोबर क्रमाने व्हायची वाट बघत बसलात तर काहीच होत नाही, हा माझा अनुभव आहे.

निवृत्त_सुपरवायझर

इथल्या कलाभवनातून, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकल केलं आणि आयुष्य प्लांट आणि मोठ्या इमारतींच्या मेंटेनन्समध्ये गेलं, म्हणून लिहितो.

अकोटेकर, तुमचे ८० युनिट बरोबर आहेत. पण कॉमन मीटरवर आज जे जातंय त्यातलं अर्धं जाण्यासारखंच नसेल तर? पॅसेजला अजून चोकवाल्या ४० वॅटच्या ट्यूब असतील तर चोकसकट पन्नासच्या वर जातात. एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये तेवढाच उजेड देते, आणि पॅसेजचा दिवा चोवीस तास जळतो. आधी हे बदललंत तर तुम्हाला २० ऐवजी १२ किलोवॅटचं सोलर पुरेल. पॅनेल किती घ्यायचं हे लोड बघून ठरवायचं असतं. तुम्ही आज वाया जाणाऱ्या विजेच्या मापाने विकत घेताय.

ज्यांच्याकडे सेंट्रल एसी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. पंख्याचा वेग कमी केला की वीज त्याच्या घनाने कमी होते. ८० टक्के वेगावर पंखा निम्म्या विजेत चालतो. तरीही बहुतेक ठिकाणी ब्लोअर पूर्ण वेगाने फिरवून डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धा बंद करून ठेवलेला दिसतो. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवा, डॅम्पर उघडा. आणि ज्यांचं कनेक्शन डिमांडवर आहे, म्हणजे जास्तीत जास्त किती लोड घेणार याचा करार करून त्यावर आकार भरतात, त्यांनी लोड उतरल्यावर करारातली डिमांडही कमी करून घ्यावी, नाहीतर न वापरलेल्याचा आकार भरत राहाल.

मांडवीचा_व्यापारी

ही सगळी ऑफिसवाल्यांची चर्चा आहे. आमचं साड्यांचं दुकान आहे, एसी चालू आणि दार उघडं. लोक नावं ठेवतात. पण दार बंद असलं की गिऱ्हाईक समजतं दुकान महाग आहे, आणि पुढच्या दुकानात शिरतं. लग्नसराईत बायका घोळक्याने येतात, दर मिनिटाला दार उघडतं. लाइटबिल वाचवून धंदा घालवू का? आणि एसी २४ अंशांवर ठेवा म्हणाल तर जुलैत या म्हणावं. चिकचिक एवढी की २४ वर माणूस गादीवर बसून शालू बघत नाही.

निवृत्त_सुपरवायझर

शेठ, दार बंद करा असं मी म्हणणार नाही. दारावर एअर कर्टन, म्हणजे वरून हवेचा झोत सोडणारा पंखा, लावा, पण जमिनीपर्यंत झोत पोचेल असा. अर्ध्यात संपणारा असला तर नुसतीच वीज खातो. जुलैत त्रास उष्णतेपेक्षा दमटपणाचा असतो. दुकानदार १८ वर लावतो आणि तरी चिकचिक जात नाही, कारण एसी गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो. हवा चटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पाणी हवेतच राहतं. ड्राय मोड लावून वर पंखे फिरवा. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशोबाने एक अंश वर गेलात की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० चे २५ केलेत तर किती, तुम्हीच काढा, हिशोब तुमच्या रक्तात आहे.

वास्तुरचनाकार_फतेहगंज

तुम्ही सगळे एसीवर भांडताय. उष्णता आत येते कुठून यावर कोणीच बोलत नाही, याचा मला राग येतो.

ओल्ड पादरा रोडने संध्याकाळी चारला जा. पश्चिमेला तोंड करून वरपासून खालपर्यंत काच. साधी ६ मिलिमीटरची पारदर्शक काच सूर्याची साधारण ८० टक्के उष्णता आत घेते. इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेची, म्हणजे ईसीबीसीची, २०१७ ची आवृत्ती उत्तर सोडून बाकी दिशांना हा आकडा ०.२७ वर, म्हणजे २७ टक्क्यांवर, आणायला सांगते, आणि भिंतीत खिडक्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत म्हणते. पण ती १०० किलोवॅट किंवा १२० केव्हीएच्या वरच्या इमारतींसाठी. शिवाय आतून पडदे लावून भागत नाही. काचेतून ऊन आत आलं की ते आलंच, पडदा तापून खोलीच तापवतो. अडवायचं तर बाहेर, छज्जाने किंवा उभ्या पट्ट्यांनी.

याच गावात १८९० ला लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहिला. जाड भिंती, खोल व्हरांडे, उंच छत. दुपारी तिथल्या व्हरांड्यात उभं राहून बघा. राजवाडा सगळ्यांना बांधता येत नाही हे मलाही कळतं, पण दोन फुटांचा छज्जा बांधता येतो.

बांधकामवाला

ताई, छज्जा दिला की गिऱ्हाईक म्हणतं जुनाट दिसतं. काचेच्या इमारतीतला गाळा आधी विकला जातो, हे मी रोज बघतो. आणि छज्जा, चांगली काच, इन्सुलेशन याचे चौरस फुटामागे पैसे वाढवले तर घेणारा पलीकडच्या स्कीममध्ये जातो. मी संहिता पाळायला तयार आहे, पण सगळ्यांना सारखी लावा. लहान इमारतींना सूट आणि मोठ्यांना बंधन, म्हणजे सगळे लोड ९५ दाखवणार.

वास्तुरचनाकार_फतेहगंज

सगळ्यांना सारखी लावा, हे मान्य. पण विकून तुम्ही मोकळे होता आणि बिल तीस वर्षं दुसराच कोणी भरतो, तो भाग तुमच्या हिशोबात कधीच नसतो.

भाड्याचं_ऑफिस

ताईंनी मुद्द्याला हात घातला. बिल्डर भरत नाही, गाळ्याचा मालकही भरत नाही. मी भाडूत आहे आणि बिल मी भरतो. पश्चिमेच्या काचेला फिल्म लावू का विचारलं तर मालक म्हणाले, काच तडकली तर तुमची जबाबदारी. (भीती अगदी खोटी नाही. जास्त उष्णता शोषणारी फिल्म साध्या काचेला लावली तर काच तडकू शकते.) जुना एसी बदलून इन्व्हर्टर फाइव्ह स्टार घ्या म्हटलं तर उत्तर आलं, बिल तुमचं, एसी तुम्ही घ्या. घेतलाही असता, पण अकरा महिन्यांचा करार. पैसे वसूल व्हायच्या आत मला बाहेर काढलं तर?

तुमच्या सोलरचाही माझ्या बिलाशी संबंध नाही. मेंटेनन्स कमी होईल तो मालकाचा, भाडं कोणी कमी करणार नाही.

सोलरआधी_अकोटा

हे तर माझ्याच बाजूचं झालं. गाळ्याच्या आत भाडूत-मालक एकमत होत नाही, म्हणून जे सामायिक आहे तेच हातात घ्या. ट्यूब बदलण्याचं सुपरवायझर काकांचं मान्य, पॅनेल १२ किलोवॅटचं घ्या, तेही मान्य. पण पॅनेलचा ठराव पुढे ढकलायला माझा विरोध कायम.

अलकापुरीवाला

अकोटेकर, डक्टही सामायिकच आहे. गच्ची जेवढी सोसायटीची तेवढीच डक्ट, म्हणून सह्यांचा प्रश्न तुम्ही म्हणता तेवढा मोठा नाही. फ्लेक्स काढायची नोटीस आजही देता येते. गच्चीवर स्टँड आणि कॉपर पाइपचा मार्ग फंडातून करायचा, युनिट हलवायचा खर्च ज्याचा त्याने. पाइप लांबला की थोडा तोटा होतो, म्हणून फक्त तिसऱ्या-चौथ्या मजल्याची युनिटं वर न्यायची. खालच्यांना डक्टमध्ये आपोआप मोकळी जागा मिळते. यात गच्चीची जागा लागणार, तेव्हा पॅनेल आधी पसरून ठेवलंत तर हे काम कायमचं अडेल. क्रमाचा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

भाड्याचं ऑफिसवाल्यांनी करारात एकच कलम मागून बघावं: एसी भाडूत घेईल, आणि तीन वर्षांच्या आत जागा सोडायला लावली तर राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात किंमत मालक परत देईल. आमच्या मजल्यावर एका मालकाने हे मान्य केलंय, कारण जुना एसी काढायचा आणि नवा आणायचा त्याचा त्रास वाचला.

कमिटीची मीटिंग रविवारी आहे. सुपरवायझर काका, त्याआधी येऊन डक्ट बघाल का? चौथ्या मजल्याच्या युनिटच्या जाळीशी दुपारी तीनला थर्मामीटर धरून जो आकडा येईल तो मी मीटिंगमध्ये ठेवतो. अकोटेकर, तुम्हीही या.

सोलरआधी_अकोटा

येतो. गच्ची मोजायला टेप घेऊन येतो, दोन्ही बसतंय का बघू.